अंगठाभर जोड

लांबून वाचता आलं पाहिजे, एवढंच त्या दोन भावांच्या बापाचं तत्त्वज्ञान होतं. जवळून काय, मुंगीसुद्धा वाचते, असं तो म्हणायचा. त्यामुळे त्याच्या दुकानातून बाहेर पडणारी अक्षरं पैलवानासारखी असत. जाड मांड्यांची, रुंद खांद्यांची, नखऱ्याला जागा नाही. खोक्यांवर, पिंपांवर, बोटींच्या कुशीवर, गोदामांच्या दारांवर तीच अक्षरं. धक्क्यावरच्या क्रेनवाल्याला शंभर पावलांवरून ‘उलटं ठेवू नका’ दिसलं नाही, तर खोकं उलटंच ठेवलं जाणार आणि आतल्या काचसामानाचा भुगा होणार. तेव्हा तिथं देखण्या अक्षराचं काम नव्हतं, धट्ट्याकट्ट्या अक्षराचं होतं.

बाप गेल्यावर दुकान दोन भावांकडे आलं. थोरला पत्रा कापायचा, धाकटा रंग मारायचा. ही गोष्ट थोरल्याची.

आता पत्रा कापायचा म्हणजे काय, ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. पातळ पत्र्यावर अक्षर आखायचं, ते छिन्नीनं कापून काढायचं, मग तो भोकाभोकांचा पत्रा खोक्यावर धरून वरून बोथट गोल कुंचला ठोकायचा. पत्रा उचलला की खाली अक्षर. ऐकायला सोपं. पण ‘व’ काढून बघा. ‘व’ला पोट असतं. पोटाभोवतीची रेघ सगळी कापली की पोटाचा तुकडा कशाला धरून राहणार? टणकन खाली पडतो, आणि रंग मारला की ‘व’च्या जागी काळा गोळा. म्हणून रेघेत एकदोन ठिकाणी पत्रा तसाच सोडायचा. त्याला ते जोड म्हणत. ‘ब’च्या पोटात तर तिरकी काठी, म्हणजे पोटाचे दोन तुकडे, दोघांना वेगवेगळे जोड. डोक्यावरची रेघही सलग कापायची नाही, नाहीतर दोन अक्षरांमधल्या पत्र्याच्या जिभा लोंबायला लागतात. जिथं जोड तिथं रंग लागत नाही, फट दिसते. तुम्ही खोक्यांवर अशी फटीफटीची अक्षरं पाहिली असतील.

फट किती ठेवायची? बाप अंगठा टेकवून बघायचा. अंगठाभर जोड, ना कमी ना जास्त. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा थोरल्यानं एक लाकडी चीप घेतली, बापाच्या अंगठ्याला लावून तेवढीच तासली आणि दोरा ओवून दुकानातल्या खिळ्याला अडकवली. त्यानंतर कितीतरी वर्षं त्याच्या हातून एकही अक्षर त्या चिपेशिवाय गेलं नाही.

थोरला शिकला चौथीपर्यंत. पण अक्षर त्याच्याइतकं कुणी वाचलं नसेल. वर्तमानपत्र उघडलं की बातमी राहायची बाजूला, हा मथळ्यातल्या ‘ध’कडे बघत बसायचा. “याचं ढोपर बघ कसं वाकलंय,” म्हणायचा. “कोण मेलंय ते बघा आधी,” बायको म्हणायची. सुट्टीच्या दिवशी लोक बागेत जातात, हा धक्क्यावर जायचा आणि खोक्यांच्या रांगांमधून हात मागं बांधून फिरायचा. लेक शाळेत पहिली आली की बाप कसा चालतो, तसं चालायचा. लग्न होऊन बायको घरी आली तेव्हा तिच्या पेटीवर काहीतरी लिहायचं म्हणून ह्यानं हाताला लागला तो पत्रा धरला आणि कुंचला ठोकला. पत्रा होता ‘जपून हाताळा’चा. “हे पेटीला सांगितलं होतं की तुम्हाला?” असं ती आजतागायत विचारते.

धाकटा दहा वर्षांनी लहान आणि दहापट जिभेचा. त्याची बायको लवकर गेली, एकुलती लेक लग्न होऊन लांबच्या शहरात. राहायला वरच्या मजल्यावर, जेवायला खाली वहिनीकडे. त्याचा रंग असा घट्ट कालवलेला असायचा की पत्र्याखाली केसभर ओघळ जायचा नाही. भावाभावांचं गूळपीठ होतं. भांड्याला भांडं लागायचं, पण आवाज दुकानाबाहेर जात नसे.

मग चारशे खोक्यांचं ते काम आलं. थोरल्यानं पत्रे कापून दिले आणि दोन दिवस तापानं घरी पडला. परत आला तर चारशेच्या चारशे खोकी ओळीनं उभी, आणि एकाही अक्षरात फट नाही. धाकट्यानं बारीक कुंचल्यानं सगळ्या फटी भरून टाकल्या होत्या. गिऱ्हाईक खूश. “आता अक्षर माणसांत आलं,” असं म्हणून गेलं.

“कुणी सांगितलं होतं भरायला?” थोरल्यानं विचारलं.

“कुणी कशाला सांगायला हवं? दिसतं ना डोळ्यांना. तुझं अक्षर म्हणजे दात पडलेला म्हातारा हसतोय.”

“माझं अक्षर तुझ्या ठिगळाशिवाय उभं राहत नाही, असं म्हणायचंय तुला?”

“जोड थोडे बारीक ठेव म्हणायचंय. किती वर्षं सांगतोय.”

“जोड बाबांच्या अंगठ्याचे आहेत.”

“बाबांचा अंगठा होता, दादा. देवाचा नव्हता.”

एवढंच. पण कुठला शब्द कुठं जाऊन बसेल, ते बोलणाऱ्याच्या हातात नसतं. थोरल्यानं चीप खिळ्याला अडकवली, चष्मा पुसला आणि त्या दिवसापासून धाकट्याशी बोलणं बंद केलं. धाकटाही काही कमी नाही. तू नाही तर मीही नाही.

अकरा वर्षं.

आता तुम्ही म्हणाल, एका दुकानात काम करायचं, एका पंगतीला जेवायचं आणि बोलायचं नाही, हे जमतं कसं? घरी वहिनी होती. “तुझ्या भाऊजींना म्हणावं, कोशिंबीर पुढं करा.” “वहिनी, दादाला म्हणावं, हात आहे की त्याला.” ती बिचारी टपाल खात्यासारखी. एकदा वैतागून तिनं दोघांच्या मध्ये बसणंच सोडलं, तर दोघं आठवडाभर मिठाशिवाय जेवले, पण मीठ मागितलं नाही.

दुकानात मात्र वहिनी नव्हती. तिथं थोरल्यानं वेगळाच मार्ग काढला. रद्दी पत्र्याच्या तुकड्यावर दोन शब्द कापले, ‘रंग पातळ’, आणि तो तुकडा धाकट्याच्या डब्यावर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तोच पत्रा भिंतीला लावून धाकट्यानं रंगवला होता, आणि ‘पातळ’ खोडून हातानं ‘उत्तम’ लिहिलं होतं. झालं, बोलणं सुरू झालं म्हणायचं. पण एकेक अक्षर छिन्नीनं कापायचं म्हणजे घाम निघतो. शिवी द्यायची तरी तासभर मोडायचा. त्यामुळे थोरला फार तोलून बोलायला लागला. तोंडानं भांडणारे लोक एवढा विचार करतील, तर निम्मी भांडणं व्हायचीच नाहीत.

एकदा त्याला फारच राग आला. त्यानं दुपारभर बसून ‘गाढव’ कापलं. छान कापलं, ‘व’चं पोट दोन जोडांवर तोललेलं, कानशीनं कडा घासून गुळगुळीत. धाकट्याच्या बाकावर ठेवलं आणि चहा प्यायला गेला. परत येऊन आपल्या स्टुलावर बसला, काम केलं, संध्याकाळी घरी निघाला. रस्त्यात न्हावी हसला, किराणावाला हसला, दोन पोरी तोंडाला रुमाल लावून हसल्या. घरी बायकोनं पाठमोरा बघितला, आरसा आणला, त्यात वाचलं. धाकट्यानं तोच पत्रा स्टुलावर धरून ताजा रंग मारला होता, आणि थोरला त्यावर बसला होता. पँटच्या मागं उलटं उमटलेलं ‘गाढव’. वरून फटी भरलेल्या!

“भाऊजींनी निदान सुबक तरी काढलंय,” बायको म्हणाली.

थोरला रागावून माडीकडं बघत राहिला. पण ती सांगते की, पँट धुवायला टाकण्याआधी त्यानं तिच्यावरचं अक्षर बोटानं चाचपून पाहिलं होतं. कड कुठं फाटली आहे का, ते. फाटली नव्हती.

तो ‘गाढव’चा पत्रा मग दोघांनी वर्षानुवर्षं वापरला. एकदा कापलेलं फुकट कशाला घालवा? कधी ह्याच्या बाकावर, कधी त्याच्या. शेवटी शेवटी त्यात राग राहिला नव्हता. सकाळी पत्रा आपल्या बाकावर दिसला की समजायचं, भाऊ येऊन गेला.

अशात बोटींच्या गोदामाचं मोठं काम आलं. नऊ सरकती दारं, प्रत्येक दारावर छातीएवढी अक्षरं. पाण्यापलीकडून क्रेनवाल्याला दिसायला हवीत. एवढं मोठं अक्षर दोघांनीही कधी केलं नव्हतं. थोरला कामाला लागला आणि त्याच आठवड्यात जेवताना बायकोनं सांगितलं, “भाऊजींना म्हणे लेकीनं बोलावलंय. कायमचं. हे काम संपलं की जाणार.”

धाकटा समोरच बसला होता. थोरल्यानं घास गिळला. “त्यांना म्हणावं,” तो म्हणाला, आणि पुढं काय म्हणावं ते त्याला सुचलं नाही. बायको वाट बघत राहिली. “काही नाही,” थोरला म्हणाला.

त्या दिवसापासून त्याचे खरे हाल सुरू झाले. माणसानं अकरा वर्षं न बोलायची सवय लावून घेतली की, बोलायचं म्हटलं तरी तोंडाला गंज चढलेला असतो. सकाळी उठून तो ठरवायचा, आज सांगायचं, जाऊ नकोस. दुकानात गेलं की छिन्नी हातात यायची. सांगायचं राहून जायचं.

दारांवर काम सुरू झालं तेव्हा आणखी पंचाईत. पुरुषभर पत्रा वाऱ्यानं फडफडतो, एकट्याचं काम नव्हे. एकानं पत्रा दाबून धरायचा, दुसऱ्यानं ठोकायचं. बोलल्याशिवाय कसं व्हायचं? पण खोड जाईल तर शपथ. थोरला बोटानं पत्र्यावर टकटक करायचा. एक टकटक म्हणजे उचल, दोन म्हणजे थांब. नऊ दारं त्यांनी टकटकीवर काढली. गोदामाचा रखवालदार वैतागून म्हणाला, “दोघं मुके आहात का हो?” दोघंही एकदमच “नाही” म्हणाले आणि एकमेकांकडं न बघता पुन्हा कामाला लागले.

शेवटचं दार झालं तेव्हा थोरला पाण्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. नेहमीची सवय, लांबून बघायची. नऊ दारं, नऊ ओळी, काळीभोर दणकट अक्षरं. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की, धाकट्यानं एकही फट भरलेली नाही. कुंचला जवळ होता, शिडी होती, वेळ होता. अकरा वर्षं जो संधी मिळेल तिथं भरत आला, त्यानं छातीएवढ्या अक्षरातल्या फटी तशाच ठेवल्या होत्या. क्रेनवाला वरून ओरडला, “लई भारी! अक्षरं आता चिकटत नाहीत एकमेकांना!”

खरं सांगायचं तर तिथं एक गोष्ट थोरल्यानंही केली होती, जी त्यानं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. या वेळी चीप त्यानं खिळ्यावरून काढलीच नव्हती. मोठ्या अक्षरात जोड मोठा हवा, अंगठ्याच्या हिशेबानं तर मनगटाएवढा झाला असता. त्यानं डोळ्यांनी माप घेतलं, आणि जोड बराच बारीक ठेवला. पत्रा टिकला. धाकट्याला हे दिसलं असणार. तो काही बोलला नाही. कसा बोलणार?

थोरला पाण्याच्या काठाकाठानं परत निघाला. एवढी साधी गोष्ट, ती त्यानं अकरा वर्षांपूर्वीच का केली नाही, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बापाच्या अंगठ्याला धरून राहिलं की बाप गेल्यासारखं वाटत नव्हतं, एवढंच असेल. आणि तो अंगठा तर धाकट्याच्याही बापाचा होता.

जायचा दिवस उजाडला. बस बाराची. धाकट्याची लोखंडी ट्रंक सकाळीच दुकानात आणून ठेवलेली, कारण बस कोपऱ्यावरूनच सुटायची. थोरला उजाडताच दुकानात आला. तोंडानं जमणार नव्हतंच. त्यानं नवा कोरा पत्रा घेतला, रद्दी नव्हे, आणि आखणी न करताच छिन्नी लावली. ‘थांब’. एकच शब्द. लाकडी ठोकळ्यावर पत्रा, वर छिन्नी, हातोडीचे घाव. घड्याळाकडं एक डोळा. ‘थ’ झाला, काना झाला, टिंब झालं. ‘ब’ची रेघ फिरवली, तिरकी काठी कापली, शेवटचा घाव घातला आणि पत्रा उचलला.

टण्. टण्.

खाली फरशीवर पत्र्याच्या दोन अर्ध्या चकत्या पडल्या होत्या. ‘ब’चं पोट. त्यानं ‘थ’ बघितला, तर त्याची इवलीशी गाठही गेलेली. डोक्यावरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, आणि मधल्या जिभा वाऱ्यावर हलताहेत. पन्नास वर्षं पत्रा कापणाऱ्या माणसानं एका शब्दात एकही जोड ठेवला नव्हता. शिकाऊ पोरगासुद्धा पहिल्या दिवशी शिकतो ती गोष्ट. आणि घड्याळात साडेअकरा.

दारात सावली पडली. धाकटा कुंचले घ्यायला आला होता. लेकीकडं कुंचल्यांचं काय काम, पण हात रिकामे कसे न्यायचे? त्यानं भावाच्या हातातला पत्रा बघितला. खाली बघितलं. वाकून दोन्ही चकत्या उचलल्या, एकेक करून उजेडात धरल्या, मग त्या भोकाशी लावून बघितल्या. थोरल्याला वाटलं, आता हा चकत्या बाकावर ठेवून जाणार.

पण रंगाऱ्याला अक्षर तसं सोडवत नाही.

“दादा,” धाकटा म्हणाला, “जोड विसरलास.”

थोरल्याला आपला आवाज ओळखू आला नाही. “तू भरतोसच की फटी. म्हटलं, कशाला ठेवा?”

“मी बारीक ठेव म्हणत होतो. ठेवूच नकोस असं म्हटलं होतं का कधी?”

“म्हटलं असशील. अकरा वर्षांत मला काय ऐकू येतंय?”

“कान तुझे बंद, आणि दोष माझा! आणि हे बघ, ही रेघ. ही सलग कापतात का? बाबांनी बघितलं असतं तर कानफटीत दिली असती.”

“बाबांचं नाव तू काढू नकोस.”

“का नको? माझे कोण होते ते?”

“तुझेही होते,” थोरला म्हणाला. “तेच सांगायचं होतं.”

धाकट्यानं हातातल्या चकत्या बाकावर ठेवल्या. मग नाक ओढून म्हणाला, “त्यासाठी एवढा चांगला पत्रा वाया घालवलास?”

“आणि तू? दारांच्या फटी भरल्या का नाहीस?”

“शिडीवर चढायचा कंटाळा आला.”

“खोटारडा.”

“आणि तू चीप न लावता कापलंस. मला काय कळत नाही? पहिल्याच दाराला कळलं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू टकटक करत होतास ना!”

वहिनी पावणेबाराला बस आली म्हणून सांगायला धावत आली, तर दुकानातून दोन पुरुषांचा तारस्वर ऐकू येत होता. कोपऱ्यावरचा न्हावी दारात येऊन उभा होता. “भांडण लागलंय,” तो घाबरून म्हणाला. वहिनीनं कान दिला. दोघं डोक्यावरच्या रेघेवरून भांडत होते, जोड कुठं हवा, दोन अक्षरांच्या मध्ये की अक्षराच्या उभ्या खांबाच्या वर. कुणीच कुणाला “त्यांना म्हणावं” म्हणत नव्हतं. ती आत गेली नाही. उंबऱ्याशी एका खोक्यावर बसली आणि पदरानं वारा घेऊ लागली.

“बस जाईल ना, वहिनी?” न्हाव्यानं विचारलं.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “अकरा वर्षांनी मला सुट्टी मिळालीय.”

लेकीला धाकट्यानं कळवलं, एक पत्रा नव्यानं कापायचा राहिलाय, तो झाला की येतो. तो झाला नाही. म्हणजे थोरला कापतो आणि धाकट्याला जोड पटत नाही, धाकटा आखून देतो आणि थोरल्याला ते अक्षर वाटत नाही. लेक रागावली, मग स्वतःच येऊन आठ दिवस राहून गेली.

बाकाखाली ती ट्रंक अजून आहे. तिच्यावर धाकट्यानं त्याच दुपारी तो फसलेला पत्रा धरून रंग मारला होता. नवखा माणूस बघतो आणि विचारतो, हे काय आहे, काळं वांगं? वाचता येत नाही, ना जवळून, ना लांबून. बापाच्या हिशेबानं ते अक्षरच नव्हे. पण त्या दुकानात त्या ट्रंकेवर कुणी रंगाचा डबा ठेवला, की दोघंही एकदम ओरडतात.